घाट चढताना मागं वळून बघायचं

आम्ही वाई तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतोय. आम्ही अकरा जणी. आवाज एकीचा असला तरी मजकूर अकरा जणींनी पारावर बसून ठरवलाय, त्यामुळं कुठं गाडी घसरली तर दोष एकीला देऊ नका.

आम्ही सायकलवरून पसरणी घाट चढून पाचगणीला गेलो. वाटेत फोटो काढले. टेबललँडवर भाकरी खाल्ली आणि दुपारी परत आलो. बाकी काम काही नव्हतं. ना मेळावा, ना प्रशिक्षण, ना कुणाची मुलगी बघायची होती. ही शेवटची गोष्ट पटवून देतानाच आमचे तीन आठवडे गेले.

"कशासाठी?" हा प्रश्न आम्हाला घरोघरी विचारला गेला. नवऱ्यांनी विचारला, सासवांनी विचारला, किराणा दुकानात विचारला. बाई बाहेर पडली की तिच्या हातात पिशवी पाहिजे, नाहीतर कागद पाहिजे. दवाखाना, बँक, बाजार, देव, माहेर, मयत. या यादीत जे बसतं त्याला कुणी अडवत नाही. मांढरदेवीला जातो म्हटलं असतं तर डबे बांधून दिले असते. आमच्यातल्या दोघी म्हणाल्याच, की वर एखाद्या देवळाचं नाव सांगू, मिटेल. पण बैठकीत ठरलं, की खोटं सांगून जायचं नाही. बघायला जातोय, असंच सांगायचं. एका घरात या उत्तरावरून दोन दिवस अबोला झाला. त्या घरची सून तरीही आली, आणि अबोला धरलेल्या सासूबाईंनीच तिची दोन वर्षांची पोरगी सांभाळली. माणसं अशीही असतात.

आता सायकली कुठून आणल्या ते सांगतो. तुमच्या गावातही त्या आहेत. बघा जरा, गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या असतील. मुलींना शाळेला जायला घेतलेल्या किंवा मिळालेल्या. बारावी झाली, मुलगी कॉलेजला एसटीनं जायला लागली नाहीतर लग्न होऊन गेली, की सायकल कोंबड्यांना बसायला होते. अशा सात निघाल्या. चार मागून आणल्या, त्यातली एक भाच्याची गिअरची. गिअरची सायकल म्हणजे काय ते आम्हाला तिथंच कळलं: मागच्या बाजूला लहानमोठी दातेरी चक्रं असतात, चेन मोठ्या चक्रावर टाकली की पाय हलका पडतो, मात्र सायकल हळू जाते. चढाला हेच पाहिजे. बाकी दहा सायकलींना ही सोय नव्हती. तिथं गिअर आपल्या मांड्या.

सायकल चालवता येणाऱ्या अकरातल्या आठ. तिघींनी शाळेच्या मैदानावर संध्याकाळी शिकून घेतलं. शिकताना पॅडल मारायची घाई करायची नाही. सीट इतकी खाली घ्यायची की दोन्ही पाय जमिनीला पुरते टेकतील, आणि नुसतं पायानं ढकलत चालायचं. तोल जमला की पॅडल आपोआप येतं. आमच्यातल्या सर्वांत मोठ्या काकू अठ्ठावन्न वर्षांच्या. त्या नवव्या दिवशी चालवायला लागल्या आणि दहाव्या दिवशी घंटी वाजवून सगळ्या आळीला उठवलं.

बाईनं सायकल शिकण्यात नवल ते काय, असं तुम्ही म्हणाल. तमिळनाडूत पुदुकोट्टई नावाचा जिल्हा आहे. तिथं १९९१ साली साक्षरतेची मोठी चळवळ सुरू झाली, आणि तिथल्या कार्यकर्त्यांनी अक्षरांबरोबर सायकल शिकवायला घेतली. शेतमजूर बाया, खाणीत दगड फोडणाऱ्या बाया, अंगणवाडीच्या ताई. लाखभर बाया सायकल शिकल्या. टोमणे त्यांनाही पडले. पण पाणी आणणं, माल बाजारात नेणं, पोराला पुढं बसवून दवाखाना गाठणं हे सगळं त्यांना कुणाची वाट न बघता करता यायला लागलं. आम्ही बैठकीत हे वाचून दाखवलं तेव्हा काकू म्हणाल्या, त्यांना कामासाठी तरी सोडलं, आपल्याला फुकट फिरायला कोण सोडतंय? त्यावर आमच्याकडं उत्तर नव्हतं. निघायची तारीख मात्र त्याच बैठकीत ठरली.

तारीख ठरवताना दोन गोष्टी बघितल्या. सोयाबीन निघालेलं हवं आणि गव्हाची घाई सुरू व्हायच्या आत जायला हवं. म्हणजे दिवाळी झाल्यावरचा आठवडा. पावसाळ्यात डोंगर हिरवा असतो खरा, पण घाटात धुकं इतकं उतरतं की पुढची सायकल दिसत नाही, आणि दरडीचीही भीती. दुसरी गोष्ट वार. शनिवार-रविवारी महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. त्यात सायकल घालणं वेडेपणा. आम्ही बुधवार धरला.

वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या थोडी वर आहे आणि पाचगणी तेराशेच्या जवळपास. मधला रस्ता बारा-तेरा किलोमीटरचा. म्हणजे उंची वाढते साधारण पावणेसहाशे मीटर. घराच्या अर्ध्या फुटाच्या पायरीत मोजलं तर साडेतीन हजारांवर पायऱ्या. हे ऐकून दोघींच्या पोटात गोळा आला. पण रस्ता वळणं घेत जातो, म्हणून चढ अंगावर येत नाही. शंभर पावलं चाललं तर चार-पाच पावलांइतकं वर, असा हिशेब पडतो.

पहाटे सहाला वाईतून निघालो. पसरणी गाव घाटाच्या पायथ्याला. शाहीर साबळ्यांचं हे जन्मगाव, १९२३ चा जन्म. ज्यांच्या आवाजातलं महाराष्ट्रगीत आता राज्यगीत झालंय, ते याच गल्ल्यांत वाढले. तिथं थांबून पहिला फोटो काढायचा होता, पण उजेडच नव्हता. फोटोत अकरा काळ्या सावल्या आणि एक कुत्रं आलंय. कुत्रं स्पष्ट आहे.

चढाची रीत आम्ही अशी ठेवली, की सगळ्यांत हळू जाणारी पुढं आणि सगळ्यांत दमाची शेवटी. उलटं केलं की पुढची निघून जाते, मागची एकटी पडते आणि तिचा धीर सुटतो. एकामागं एक, रस्त्याच्या डाव्या कडेनं. शेजारी शेजारी चालवत गप्पा नाहीत. वळणावर थांबायचं नाही, वळण संपल्यावर जिथं रस्ता रुंद आहे तिथंच थांबायचं. नजर वर घाटाच्या टोकाकडं लावायची नाही, पुढच्या दहा पावलांवर ठेवायची. आणि दम लागला की उतरायचं, ढकलत चालायचं. यात कमीपणा नाही. आमच्या दहा जणींनी निम्म्याहून जास्त घाट सायकल ढकलतच चढला. भाच्याच्या गिअरवाली तेवढी बसून गेली. ती सायकल आम्ही आळीपाळीनं घेतली, नाहीतर भांडणं झाली असती.

कपड्यांचं सांगायलाच पाहिजे. सहा जणी पंजाबी ड्रेसमध्ये, पाच साडीत. ओढणी छातीवरून तिरपी घेऊन कमरेला मागं गाठ मारायची. साडीचा पदर खोचायचा आणि निऱ्या चेनच्या बाजूनं वर ओढून घ्यायच्या. चेनकव्हर नसेल तर त्या बाजूच्या पायाला घोट्यावर नाडी बांधायची. चेनमध्ये कपडा गेला की सायकल जागच्या जागी अडते, आणि चढाला एक वेळ ठीक, उताराला तोंडावर पडतो.

आणखी एक गोष्ट बायकांच्या कार्यक्रमात नाही बोलायची तर कुठं बोलायची. घाटात बाईमाणसाला जायची सोय नाही. म्हणून बाया पाणीच पीत नाहीत आणि मग चढाला चक्कर येते, डोकं दुखतं. आम्ही एक जुनी चादर बरोबर ठेवली. झाडाच्या आडोशाला दोघींनी ती धरायची, तिसरीनं जायचं. पाणी मात्र सगळ्यांनी प्यायचं, तहान लागायची वाट न बघता.

बुवासाहेबांच्या देवळापाशी पोचेतो चांगलं उजाडलं होतं. तिथं जरा टेकलो आणि मागं वळून बघितलं.

मैत्रिणींनो, आम्ही या घाटातून एसटीनं आणि जीपनं शंभरदा गेलोय. पण जीपमध्ये आपण मधे कोंबलेल्या असतो, मांडीवर पोर, पायाशी पिशवी. खिडकी असते पुरुषाकडं किंवा ओकारी येणाऱ्याकडं. दरी आम्ही अशी कधी बघितलीच नव्हती. खाली कृष्णेच्या काठानं धुक्याचा एक लांब पट्टा पडला होता, धुतलेलं धोतर वाळत टाकावं तसा. त्यातून उसाचे आणि हळदीचे तुकडे वर आलेले. पलीकडं पांडवगड. डोंगराच्या कडांना आडव्या पायऱ्या पायऱ्या दिसत होत्या. आपला सह्याद्री लाव्हारसाचे थर एकावर एक साचून झालाय, कोट्यवधी वर्षांपूर्वी, आणि तेच थर या पायऱ्या होऊन दिसतात. पोरांच्या भूगोलाच्या पुस्तकात हे असतं. आम्ही ते पाठ करून घेतलंय त्यांच्याकडून, समोर उभं राहून बघितलं नव्हतं.

मग सुरू झाला फोटोंचा धडाका. आमच्यातल्या एकीची लेक तालुक्याला फोटो स्टुडिओत काम शिकते. तिनं आदल्या दिवशी चार गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. पहिली, लेन्स पुसा. आपल्या फोनवर हळदीचं नाहीतर तेलाचं बोट असतंच, आणि मग आपण म्हणतो फोन जुना झाला. पदरानं नाही, स्वच्छ सुती कपड्यानं पुसायची. दुसरी, दोन बोटांनी फाकवून लांबचं जवळ आणायचं नाही, चित्र फाटल्यासारखं येतं. जवळ जाता येत असेल तर जावं, नाहीतर लांबचं लांबच राहू द्यावं. तिसरी, ऊन पाठीवर घ्या.

या तिसऱ्या गोष्टीत घाटानं आमची गंमत केली. सकाळी वाईकडं बघितलं की सूर्य डोळ्यांत येतो आणि फोटो पांढराफटक. तेच उलट वळून धोमकडं बघितलं की सगळं लख्ख. पण रस्ता स्वतः डोंगराच्या सावलीत आणि दरी उन्हात, त्यामुळं कठड्यापाशी उभं केलेल्या बाईचा चेहरा काळा यायचा. यावर उपाय सोपा आहे. फोनच्या काचेवर जिथं चेहरा दिसतो तिथं बोट टेकवायचं, फोन त्या जागेचा उजेड धरतो. मागची दरी जरा फिकी पडते, पण बाई ओळखू येते. आमच्यात यावर वादच झाला, बाई हवी की दरी. धाकट्या म्हणत होत्या दरी, मोठ्या म्हणत होत्या बाई. मोठ्यांचं म्हणणं असं, की दरी उद्याही तिथंच असेल. आम्हाला ते पटलं.

चौथी गोष्ट पाण्याची रेघ. धोमचं पाणी फोटोत तिरकं आलं तर सांडतंय असं वाटतं. फोन दोन्ही हातांनी, कोपरं अंगाला चिकटवून धरला की रेघ सरळ राहते. आणि फोटोच्या नादात मागं मागं सरकत रस्त्यावर जायचं नाही, कठड्यावर चढायचं नाही. एक जण फोटो काढत असेल तर दुसरीनं तिच्या पाठीशी उभं राहून गाड्या बघायच्या, हा नियम आम्ही मोडू दिला नाही.

होमाई व्यारावाला हे नाव ऐकलंय का? आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३ चा. स्वातंत्र्याच्या वेळचे दिल्लीतले कितीतरी फोटो त्यांचे आहेत. जड कॅमेरा घेऊन, साडी नेसून, दिल्लीत त्या सायकलवरून कामाला जायच्या. पुढं गाडी घेतली तर तिचा नंबर डीएलडी १३ आला, म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं 'डालडा १३'. २०११ साली पद्मविभूषण मिळालं. आमच्यातल्या एकीनं हे ऐकल्यापासून आपल्या सायकलीचं नाव डालडा ठेवलंय.

काकूंनी दिवसभरात एकच फोटो काढला. त्यांच्याकडं साधा फोन, म्हणून सुनेचा मागून घेतला होता. पाचगणीच्या अलीकडं एका वळणानंतर धोमचा जलाशय चांगला मोठा दिसतो. आम्ही सगळ्या 'आहाहा' करत होतो. काकू गप्प होत्या. त्यांच्या माहेरची जमीन धरणाच्या पाण्याखाली गेली, माणसं लांब दुसऱ्या तालुक्यात जाऊन वसली. हे आम्हाला ऐकून माहीत होतं, पण त्या पाण्यासमोर आम्ही त्यांच्याबरोबर कधी उभ्या राहिलो नव्हतो. त्यांनी हात लांब करून दाखवलं: तिकडं त्या डोंगराच्या सोंडेखाली बघा, तिथं आमची विहीर. आम्हाला पाणीच दिसत होतं. मग त्यांनी फोन मागितला, बराच वेळ धरून ठेवला आणि बटण दाबलं. फोटोत नुसतं पाणी आहे, कोपऱ्यात त्यांचं बोट आलंय. सुनेनं विचारलं, बोट काढून पुन्हा घ्यायचा का? त्या म्हणाल्या, राहू दे, कुठं ते कळतंय.

पाचगणीला पोचलो साडेनऊला. सायकली खाली टेम्पोपाशी ठेवून टेबललँडवर चढलो. वर जांभ्याचं सपाट पठार, पायाखाली लाल माती, अंगावर वारा. भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. केळी आणली होती, ती माकडांनी घाटातच नेली, त्यांचे फोटो सर्वांत चांगले आलेत. पर्यटक बाया आमच्या सायकलींची चौकशी करत होत्या, एकीनं आमच्याबरोबर फोटो काढून घेतला. आम्हाला बघायला कुणी थांबेल, हे आमच्या हिशेबात नव्हतं.

टेम्पोचं राहिलं. घरच्यांचा आग्रह होता, की टेम्पो मागं मागं येऊ दे. आम्ही नको म्हणालो. मागं टेम्पो असला की दुसऱ्याच वळणावर त्यात बसावंसं वाटतं. पण टेम्पो वर पाचगणीत उभा हवा, हे आमचंच म्हणणं होतं, आणि ते उतारासाठी. घाट चढताना माणूस दमतो, उतरताना मरतो. ज्या चार सायकलींना जुने दांडीचे ब्रेक होते त्या आणि गुडघेदुखीच्या दोघी, असं सगळं टेम्पोतून खाली आलं. नव्यानं शिकलेल्या काकूसुद्धा टेम्पोतच. केबलचे ब्रेक असलेल्या सात जणी सायकलवरून उतरल्या. त्यांचे ब्रेकचे रबर आदल्या आठवड्यातच नवे घातले होते.

उताराला दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत, सोडत यायचं. नुसता पुढचा जोरात दाबला तर सायकल आपल्याला पुढं फेकते. सतत दाबून ठेवला तर रबर तापतं आणि पकड सुटते. म्हणून दर दोन-तीन वळणांनी थांबून रिम गार होऊ द्यायची. दोन सायकलींत दोन एसटी मावतील एवढं अंतर. फोटो अजिबात नाही, फोन पिशवीत. चढायला साडेतीन तास लागले होते, उतरायला थांबत थांबत पाऊण तास. त्या पाऊण तासाबद्दल सांगताना सातही जणी एकदम बोलायला लागतात, म्हणून ते इथं लिहिता आलं नाही. कानात वारा भरतो आणि आपण ओरडतोय हे आपल्याला कळत नाही, एवढंच सगळ्यांनी मान्य केलं.

हिशेब ऐका. बचतीच्या पैशाला हात लावला नाही. प्रत्येकीनं १५० रुपये वेगळे काढले, झाले १६५०. सायकल दुरुस्तीला ५२०, टेम्पोच्या डिझेलला ६००, चहा-नाष्ट्याला ३५०. उरले १८०. त्यात बारा फोटो छापून घेतले, पंधरा रुपयाला एक.

छापून का घेतले, तेही सांगतो. घरी आल्यावर एकीनं सगळ्यांचा फोटो स्टेटसला ठेवायचा म्हटला, तर अबोला झालेल्या घरची सून म्हणाली, माझा नको. का, ते आम्ही विचारलं नाही. तिनं का सांगायचं? तेव्हाच ठरवलं, की जिचा फोटो आहे तिला विचारल्याशिवाय तो कुणाच्याही फोनमधून पुढं जाणार नाही. ग्रुपवरसुद्धा नाही. त्यापेक्षा कागदावर घेऊ. आमच्यापैकी बहुतेकींकडं स्वतःचे फोटो किती? लग्नातला मुंडावळ्या बांधलेला, आधार कार्डावरचा चोरासारखा दिसणारा, आणि रेशन कार्डासाठीचा. घाम आलेला, केस उडालेला, हसताना दात दिसणारा फोटो कुणाकडंच नव्हता. आता अकरा जणींकडं अकरा आहेत. त्या सुनेनं आपला कपाटात साडीच्या घडीत ठेवलाय. काकूंनी स्वतःचा घेतला नाही, पाण्याचा घेतला. बारावा सगळ्यांचा मिळून आहे, तो गटाच्या पेटीत पासबुकांबरोबर आहे.

पुढची फेरी आम्ही मेणवलीची ठरवलीय. वाईहून जेमतेम तीन किलोमीटर, चढ नाही, कृष्णेच्या काठानं. नाना फडणवीसांचा वाडा, नदीवरचा घाट, आणि वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांनी आणलेली पोर्तुगीजांची मोठी घंटा तिथं आहे. घाट झेपणार नाही म्हणणाऱ्या बायांनी या फेरीला यावं. शेजारच्या दोन गटांनी नावं दिली आहेत. सायकल नसली तरी या, आळीपाळीनं घेऊ. ब्रेक मात्र आदल्या दिवशी आम्हाला दाखवायचे, त्याशिवाय निघू देणार नाही. आणि तुमच्या घरी "कशासाठी" विचारलं, तर काय सांगितलंत ते आम्हाला येऊन सांगा. आम्ही गोळा करतोय ती उत्तरं.